बायको पाण्याखाली, तिचा कान माझ्या मांडीवर

आधीच सांगून टाकतो, ही पोस्ट एका जळक्या माणसाने लिहिलेली आहे. यात मालवणचं पाणी येईल, सुरमईचं ताट येईल, घाटाची आणि रस्त्यांची माहितीही येईल. मधेच कुठे धुराचा वास आला तर तो माझाच, एवढं समजून घ्या.

मी कोल्हापुरात पाण्याचे पंप दुरुस्त करतो, बोअरमध्ये सोडायचे सबमर्सिबल. सवड मिळाली की गाडी काढतो आणि परत आलो की इथे लिहितो, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. माझी बायको अश्विनी शाळेत चित्रकला शिकवते. दहा वर्षांपूर्वी एका आजारपणात तिचे दोन्ही कान गेले. पुढची सहा वर्षं तिला डोक्यावर ढग गडगडला तरी पत्ता लागायचा नाही. चार वर्षांपूर्वी पुण्यात तिच्या उजव्या कानामागे ऑपरेशन झालं आणि कॉक्लिअर इम्प्लांट बसलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: याचे भाग दोन. एक कातडीखाली, हाडाला लागून, कायमचा. दुसरा बाहेरचा, त्याला प्रोसेसर म्हणतात. तो कानावर अडकवायचा, त्याची गोल चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. चकती लावली की ती माणसांत, काढली की ठार बहिरी.

त्या सहा वर्षांत मी तिचा कान होतो. बँकेत, दवाखान्यात, लग्नाकार्यात, फोनवर, सगळीकडे लोक माझ्याशी बोलायचे आणि मी तिला सांगायचो. हाक मारून उपयोग नव्हता, म्हणून घरात आम्ही एक खूण ठरवली होती. ज्याला बोलायचं असेल त्याने समोर जाऊन स्वतःच्या कानाची पाळी धरायची. अर्थ एकच: 'इकडे बघ.' ही खूण अजून टिकून आहे, कारण आंघोळीला आणि झोपताना प्रोसेसर काढावाच लागतो. सकाळी तो लावला की मी म्हणतो, "पोहे." तिने "उपमा" म्हटलं की मशीन चालू आहे असं समजायचं. नाश्त्याला काय असेल ते असो.

आता मुद्द्यावर येतो. अश्विनी पंचगंगेत पोहायला शिकलेली पोरगी. सासऱ्यांनी तिला घाटावरून पाण्यात ढकलून शिकवलंय आणि आजही ती माझ्यापेक्षा दुप्पट पोहते. शाळेतल्या एका बाईंनी तिला मालवणच्या स्कूबाचा व्हिडिओ दाखवला आणि हिच्या डोक्यात ते बसलं. मी म्हटलं, "अगं, डोक्यात मशीन आहे तुझ्या!" ती म्हणाली, "म्हणूनच डॉक्टरांना विचारायला जायचंय."

पाण्याचा दाब मला कुणी शिकवू नये. माझं आयुष्य मोटरीच्या सीलमध्ये गेलंय. सील गेलं की पाणी आत, पाणी आत गेलं की वाइंडिंग जळालंच. हे सगळं मी डॉक्टरांना टेबलावर पंपाचं चित्र काढून समजावलं. डॉक्टर शांतपणे ऐकून म्हणाले, "तुमच्या मोटरीला फिरणारा दांडा असतो, म्हणून सील लागतं आणि ते झिजतं. याच्या आत काही फिरत नाही. हे कायमचं बंद केलेलं आहे, आणि कंपनीने दाबाखाली तपासून किती खोल चालेल ते पुस्तिकेत लिहून दिलंय. ती खोली फक्त या मॉडेलची. दुसऱ्या कुणी ती स्वतःला लावून घेऊ नये." मग ते अश्विनीकडे वळले. खरी काळजी यंत्राची नाही, तुमच्या कानाची, असं म्हणाले. कानाच्या पडद्यामागचा दाब नाक धरून सारखा करता आला पाहिजे, तोल नीट पाहिजे, सर्दी असेल तर अजिबात उतरायचं नाही, दुखलं की तिथून वर. त्यांनी तपासण्या केल्या आणि सगळं ठीक निघाल्यावर पत्र लिहून दिलं. त्यात किती फुटांच्या खाली जायचं नाही तेही लिहिलं, पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा बरंच कमी.

खरं सांगू? त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं. ती काळजी होती असं मी स्वतःला सांगितलं आणि गाडीत बसलो. ती मात्र पार्किंगमधूनच बहिणीला फोन लावून खिदळत होती. पूर्वी हा फोन मी लावायचो.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी पहाटे निघालो. निपाणी, आजरा करत आंबोली. या बाजूचा रस्ता आता चांगला रुंद झालाय, घाटात मात्र धुक्यात हेडलाइट लावून सावकाश जा. आंबोलीला टपरीवर चहा आणि गरम कांदाभजी घेतली. स्वेटर गाडीत ठेवून मी ऐटीत कठड्याजवळ उभा राहिलो आणि तिथेच पहिली शिंक आली.

"सर्दी झाली काय?" अश्विनीने विचारलं.

"भजीचा तिखटपणा," मी म्हटलं.

पुढे घाट उतरून सावंतवाडी, कुडाळ आणि मालवण. थांबत थांबत गेलो तरी दुपारच्या जेवणाला पोचलो. उतरायला देवबाग निवडलं होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. गाडी समोरून आली तर कुणीतरी मागे जायचं, असा रस्ता. घरगुती खोल्या भरपूर आहेत, शनिवार-रविवारी आधी फोन करून जा. आमच्या मालकीणकाकू दारातच उभ्या होत्या.

"इलास? येवा, येवा. वाटेत तरास नाय मा झालो?"

अश्विनीला नवीन बोली पटकन कळत नाही. इम्प्लांटला सवय व्हायला वेळ लागतो. मी सवयीने तोंड उघडलं, "त्या विचारतायत की..." तोवर ती काकूंना म्हणाली, "नाही हो काकू, मस्त झाला प्रवास." काकूंनी तिच्या कानावरचं यंत्र न्याहाळलं, काय आहे ते सरळ विचारलं, आणि दोघी सोलकढीचा घाट घालायला आत गेल्या. मी बॅगा उचलल्या.

संध्याकाळी स्कूबावाल्यांच्या ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे किनाऱ्यावरची पत्र्याची शेड, बाहेर वाळत घातलेले काळे सूट. तिथला प्रमुख सदा. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला, बाप-आजा किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारे, हा पाण्याखाली गेलेला. त्याने फॉर्म पुढे केला. कानाचं ऑपरेशन झालंय का, या ओळीवर अश्विनीने 'हो' लिहिलं आणि सदाने पेन खाली ठेवलं.

"ताई, मग नाय जमणार. राग मानू नका."

मला आतून बरं वाटलं, लाज वाटते सांगायला. पण तिने पिशवीतून पत्र काढलं, पुस्तिका काढली, तपासण्यांचे कागद काढले. सदाने सगळं दोनदा वाचलं. मग त्यांच्या ओळखीच्या, डायव्हिंगचं कळणाऱ्या एका डॉक्टरांना फोन लावून पत्र वाचून दाखवलं. अर्ध्या तासाने तो तिच्याकडे वळला. माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

"पत्रात लिवलंय त्याच्या निम्म्यात फिरवून आणतो. मी स्वतः येतो. मास्कचा पट्टा त्या जागेवर दाबणार नाय असा बांधतो. पण पाण्यात तुम्हाला ऐकू येणार नाय, म्हणून सगळं आत्ताच शिकायचं. चालेल?"

मग त्याने पाटी घेतली आणि एकेक खूण लिहून, करून दाखवली. अंगठा आणि बोट जोडलं की ठीक. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला.' हात आडवा हलवला की गडबड आहे. कानाकडे बोट नेलं की कान दुखतोय. अश्विनी सहा वर्षं हातांनी आणि ओठांवरून बोललेली बाई. तिला सगळं एका दमात आलं. मी प्रत्येक वेळी खूश होऊन अंगठा वर करत होतो आणि सदा म्हणत होता, "साहेब, तुम्ही वर गेलात. परत खाली या." शेडमधले सगळे हसले. ती आणि सदा समोरासमोर बसून हातांनी गप्पा मारत होते आणि मधे माझं काही काम नव्हतं. नाकाला मिरच्या झोंबणं काय असतं ते तेव्हा कळलं. सर्दीने नाक आधीच चोंदलेलं, त्यात या.

माझ्या फॉर्मवर 'सर्दी आहे का?' असं विचारलं होतं. मी 'नाही' लिहिलं. हे चुकूनही करू नका.

शनिवारी सकाळी साडेसातला होडीत बसलो. सकाळची वेळच घ्या, पाणी निवळ असतं. साधारण दर ठरलेले असतात, पण व्हिडिओ त्यात धरलाय का आणि प्रशिक्षक एकाला एक आहे का, हे विचारून घ्या. होडी चालवायला बाबी नावाचा मोठा हसरा माणूस होता. मालवणचा किल्ला उजव्या हाताला ठेवून आम्ही खडकांच्या जागी गेलो आणि नांगर टाकला.

अश्विनीने प्रोसेसर काढला, कोरड्या डबीत ठेवला, झाकण दाबलं आणि डबी माझ्या हातात दिली. तिने मला बघून अंगठा-बोट जोडलं. पण पहिली पाळी माझी होती, म्हणून मी डबी बाबीकडे दिली आणि पाण्यात उतरलो. शिडीपाशी ठीक होतं. एक पुरुष पाणीही खाली गेलो नसेन, तेवढ्यात कानात कुणीतरी स्क्रू पिळायला लागलं. नाक धरून फुंकलं, काही नाही. परत फुंकलं. नाक पूर्ण बंद. दाब सारखा होईना. माझ्याबरोबर उतरलेल्या प्रशिक्षकाने मला वर घेतलं, आणि पुन्हा प्रयत्न केला तरी तेच झालं. माझी पाळी तिथेच संपली.

काय दैव बघा. माझे कान धडधाकट, त्यांना कधी कुणी हात लावलेला नाही, आणि मी होडीत पाय हलवत बसलो. हिच्या डोक्यात मशीन, कानात तार, आणि ही सदाचा हात धरून दोरीने एकेक फूट करत खाली गेली. मधेमधे नाक धरायची, थांबायची, खूण करायची, पुढे जायची. शेवटी नुसते बुडबुडे राहिले.

बाबीकडून डबी परत घेतली आणि ती मांडीवर ठेवून मी बसलो. त्या डबीत तिची चार वर्षं होती, भाचीचं पहिलं गाणं होतं, माझी हाक होती. आतला भाग खाली गेलेला. तो दगावला तर ही डबी म्हणजे नुसतं प्लास्टिक. भीती मला होतीच, ती खोटी नव्हती. पण तिच्या शेजारी दुसरं काहीतरी ठाण मांडून बसलं होतं. तिला तिथे मजा येत असेल, आणि मी तिथे नाही. तिचं काहीतरी असं होणार जे मला कुणीतरी सांगावं लागेल. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"तुमची बायल पोवूक बरी," बाबी तिच्या पोहण्याचं कौतुक करत म्हणाला.

"हं," मी म्हटलं.

"तुमका नाय जमला?"

"सर्दी आहे."

"अरे देवा! मग कित्याक उतारलास?"

मी डबीचं झाकण पुन्हा दाबलं. आत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

वीस-पंचवीस मिनिटांचा फेरा असतो म्हणाले होते. दहा-बारा मिनिटांतच बुडबुडे शिडीजवळ आले आणि सदाचं डोकं वर आलं, मागोमाग अश्विनीचं. सदा ओरडला, "बाबी, धर रे! ताईन कानाक हात लावल्यान, म्हणान वर हाडलंय."

आता जे लिहितोय ते लिहायला मला बरेच दिवस लागले. ते ऐकून मी घाबरलो, आणि त्याच क्षणी, त्याच मनात, एक बारीकसा आनंदही झाला. दुखलं ना? तिलाही नाही जमलं ना?

ती वर आली, मास्क काढला, चांगली हसत होती. सदाने पुन्हा खुणेने विचारलं, कान? तिने जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. मी मनात म्हटलं, खोटं बोलतेय, हार मानायची नाही म्हणून. मग तिने टॉवेलात डोकं घातलं आणि केस पुसायला लागली. प्रोसेसर लावायचा तर डोकं पूर्ण कोरडं पाहिजे.

ती टॉवेलात असताना सदा माझ्याजवळ आला. म्हणाला, "साहेब, मला वाटतं कान नसावा दुखत. पण ऑपरेशनचा कान, मी जोखीम नाय घेणार, म्हणून आणलं वर. त्यांची डाइव्ह अर्धीच झाली. उद्या सकाळी बरं वाटत असेल तर परत आणा. पैसे नको. उरलेली अर्धी देऊन टाकतो."

मी म्हटलं, "नको. झालं तेवढं बस."

"ताईंना विचारा तरी."

"मी सांगतो ना. तिला नको असेल."

टॉवेल बाजूला झाला. अश्विनीने आमच्याकडे बघून स्वतःच विचारलं, ऐकू येत नसताना तिचा आवाज मोठा होतो तसा, "काय म्हणत होता सदा?"

मी ओठ नीट हलवून सांगितलं, "काही नाही. पायातले पट्टे सोडा म्हणतोय."

तिने वाकून पट्टे सोडले.

डोकं वाळल्यावर मी डबी उघडली. चकती लावली, ती चिकटली, हिरवा दिवा लागला. दिवा म्हणजे ऐकू येणं नव्हे. मी 'पोहे' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द अडकला. नुकतंच एक खोटं बोललो होतो त्याच तोंडाने. तेवढ्यात पलीकडून सदा म्हणाला, "ताई, आयकाक येता?"

"येता!" ती ओरडली.

होडी हसली, बाबीने हात जोडले, मीही हसलो. समुद्रातून वर आल्यावर तिच्या कानात पडलेला पहिला आवाज माझा नव्हता. यंत्र शाबूत होतं याचा आनंद मला त्याच्यानंतर झाला, आधी नाही.

दुपारी काकूंकडे जेवलो. सुरमईची तळलेली तुकडी, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, भात, सोलकढी. चारशेच्या आसपास ताट पडतं आणि भात कुणी मोजत नाही. मला चव लागत नव्हती, सर्दीला दोष दिला.

"कान दुखत नव्हता माझा," अश्विनी म्हणाली.

"मग हात का लावलास?"

"सवय."

"कसली सवय? तिथे काय सवय?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग ताटात बघून म्हणाली, "जाऊ दे. तुम्ही आधीच फुगून बसलाय." आणि माशाचे काटे काढायला लागली. वाढायला आलेल्या काकूंनी माझ्याकडे बघून तिला विचारलं, "गो, घोव असो तोंड पाडून कित्याक बसलो?" ती म्हणाली, "सर्दी झालीय त्यांना." तिने मला सांभाळून घेतलं आणि त्याने माझी जळजळ आणखीच वाढली.

रविवारी पहाटे ती माझ्याआधी उठून किनाऱ्यावर गेली होती. मी गेलो तेव्हा स्कूबाच्या होड्या निघत होत्या. ती वाळूत बसून बघत होती.

"सदाला विचारायचं का हो? परत एकदा, थोडा वेळ?"

"आता डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको," मी म्हटलं. "तो तरी कशाला नेईल? घाबरलाय तो."

"हो, तेही खरंच," ती म्हणाली. तिने ते लगेच मानलं. सहा वर्षं मी जे सांगितलं ते लोकांनी म्हटलेलंच असायचं.

परत येताना कणकवली, फोंडा घाट, राधानगरी असे आलो. जंगलातून रस्ता सुंदर आहे, पण हॉटेलं कमी, पोटाची सोय कणकवलीतच करून घ्या. गाडीत ती वहीत मासे काढत होती. एक गोल गरगरीत काढला होता, काट्याकाट्यांचा. "हा कोण?" विचारलं, तर म्हणाली, "होता एक." आणि वही मिटली.

इम्प्लांट असलेल्या वाचकांसाठी माझ्यासारख्या अर्धवटाचं एवढंच ऐका. स्वतःच्या सर्जनला विचारल्याशिवाय पाण्याखाली जाऊ नका, एकाला चाललं म्हणून दुसऱ्याला चालतं असं नाही. पुस्तिका आणि पत्र बरोबर ठेवा. पत्र बघूनही जो नाही म्हणतो त्याच्याशी भांडू नका, जो न वाचता चला म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका. प्रोसेसर किनाऱ्यावर विश्वासाच्या माणसाकडे द्या. हे शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं होतं. पण तो सल्ला बरोबर आहे म्हणून राहू दिलंय.

आठवड्याने तिची तपासणी झाली. यंत्र उत्तम, सगळ्या तारा चालू. कानात बघून तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाबाची काही खूण नाही. फार छान उतरल्या असणार तुम्ही." मग त्यांनी माझेही कान बघितले; पडद्यावर लाली निघाली ती माझ्याच. तेव्हाच मला समजायला हवं होतं. समजून घ्यायचं नसलं की माणसाला बरंच काही समजत नाही.

मग परवा, रविवारी सकाळी, सदाने माझ्या फोनवर व्हिडिओ पाठवला. उशीर झाला म्हणून माफी मागितली होती. मी गॅलरीत बसून बघितला. हिरवट निळं पाणी, खडक, अश्विनीचे मोकळे हात. मी तिला इतकं हलकं कधी बघितलेलं नाही. मग खडकाच्या आडून एक मासा आला. कोकणात त्याला केंड म्हणतात. कुणी जवळ आलं की तो पाणी गिळून फुगतो. कॅमेरा बघून तो टरारून फुगला, काट्याकाट्यांचा गोळा झाला. अश्विनीचे खांदे हसून हलले. आणि मग तिने मान वर केली. वर होडीचं बूड दिसत होतं, काळं. त्या बुडाकडे बघत तिने एका हाताने आपल्या कानाची पाळी धरली आणि दुसऱ्या हाताने खाली माशाकडे बोट दाखवलं.

इकडे बघ.

पाळी धरलेली बघून सदाने घाईने 'वर' अशी खूण केली. तिने हात हलवला, नाही, नाही, आणि तरीही तो तिला घेऊन वर निघाला. मी ते पाच-सहा वेळा बघितलं. समुद्राच्या तळाशी, तोंडात नळी, कानात शून्य, आणि ही बाई होडीच्या बुडाला सांगतेय, अहो, इकडे बघा. त्या बुडावर डबी मांडीवर घेऊन मी बसलो होतो, ती हरावी म्हणून.

व्हिडिओखाली सदाने लिहिलं होतं, 'उरलेली अर्धी बाकी आसा. तुम्ही नको म्हणालात, पण ताईंना सांगा, कधीपण येवा.'

ती ओळ मी पुसू शकलो असतो. फोन माझा होता. अंगठा तिथवर गेलाही होता.

अश्विनी नुकतीच न्हाऊन स्वयंपाकघरात आली होती. केस ओले, प्रोसेसर डबीत. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि कानाची पाळी धरली.

"काय?" ती मोठ्याने म्हणाली.

मी दुसऱ्या हाताने फोन पुढे केला. तिने व्हिडिओ बघितला आणि केंड फुगला तिथे खळखळून हसली. "हाच! हाच दाखवत होते तुम्हाला! सकाळपासून होडीत तुम्ही अस्सेच बसला होता! मग तुम्ही इतके चिडलात की सांगितलंच नाही." हसता हसता तिचं बोट खाली सरकलं आणि ती ओळ आली. तिने ती वाचली. परत वाचली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एका जागी थांबलं, मग गेलं.

"मी टॉवेलात होते तेव्हा?"

मी हो अशी मान हलवली.

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, तेव्हाही?"

मी परत मान हलवली. गॅसवर दूध वर येत होतं. तिने न बघता गॅस बंद केला. दुधाचा आवाज तिला येत नाही, वासावरून कळतं. माझा हात अजून कानावरच होता. तिने त्या हाताकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "ही आपली खूण आहे, का माफी मागताय?"

मी दुसरा हात वर केला आणि दुसराही कान धरला.